टेपवर नसलेली अंगठी

१९७८ साली, नववा महिना लागलेला असताना, वहिनी स्टुडिओच्या बेसिनपाशी उभी होती आणि ध्वनिमुद्रक तिच्या उजव्या हातातली अंगठी साबण लावून ओढत होता. बोटं सुजून टम्म झाली होती. अंगठी तिच्या आईची, जाड चांदीची. वाजवताना ती गिटारच्या पुढच्या पत्र्यावर आपटून टकटक करायची आणि ती टकटक टेपवर उतरत होती.

"वहिनी, श्वास सोडा. आता जरा जोर लावा."

"अहो, बाळंतपण इथंच उरकणार आहात का माझं?"

दारात ड्रम वाजवणारा ढोल्या उभा होता. "अंगठी राहू दे रे," तो म्हणाला. "बोटच काढ. सुटसुटीत होईल."

सगळे हसले. वहिनीचा नवरा तेवढा हसला नाही. तो बँडमध्ये बेस वाजवायचा आणि अर्धा अर्धा दिवस एक शब्दही न बोलता काढायचा, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. काही बोलायचं किंवा वाजवायचं असलं की आधी तो दोनदा हलकेच घसा खाकरायचा. तसा खाकरला आणि म्हणाला, "असू दे. ड्रम्सच्या आवाजात बुडून जाईल."

मग वहिनीने अंगठीसकटच वाजवलं. पोटामुळे गिटार नीट बसत नव्हती, म्हणून स्टुलावर तिरकी बसून, डोळे मिटून. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी गिटारला मोकळं रान दिलेलं होतं. तिथे काय वाजवायचं हे ठरवून वाजवायची तिची रीत नव्हती, आणि वाजवून झाल्यावर ते लक्षातही राहत नसे. तिला एवढंच आठवत होतं, की कंबर मोडून आली होती, मधेच पोटातून लाथ बसली होती आणि थांबल्यावर ध्वनिमुद्रक टेप बंद करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला होता. काचेपलीकडे गायक हाताची घडी घालून उभा होता. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण तालमीला तो सर्वांत शेवटी येई आणि सर्वांत आधी जाई.

चारच दिवसांनी मुलगी झाली.

रेकॉर्ड घरी आली तेव्हा वहिनीने ती ऐकली आणि सुई पुन्हा मागे नेऊन ठेवली.

"मी असं वाजवलं होतं?"

मुनीने घसा खाकरला. "दमली होतीस तू. आठवणार कसं?"

कार्यक्रमांच्या तारखा ठरत होत्या, आणि लोकांना रेकॉर्डवर असतं तेच हवं असतं. पोरीला मांडीवर घेऊन वहिनी आपलीच गिटार रेकॉर्डवरून शिकली. एकेक सूर, पुन्हा पुन्हा. आपलाच हात आपल्याला परका वाटतोय याचं तिला हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची. बाळंतपणात असं होत असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एका जागी तार ताणून सूर वर चढवायचा होता, पण रेकॉर्डवर तो किंचित अपुराच राहत होता. तिने तो तसाच, मुद्दाम अपुरा ठेवायला शिकून घेतला.

पुढे चाळीस वर्षं तिने तो तसाच वाजवला. मोठ्या मैदानांत, मग लहान सभागृहांत, मग हॉटेलांच्या गच्च्यांवर. साहेब बँड सोडून गेला तरी लोक त्या तुकड्यासाठी येत राहिले. मुलाखत घ्यायला कोणी आलं की ती पोटातल्या लाथेची गोष्ट सांगायची. मुलगीही शाळेत सांगायची, त्या गाण्यात मीसुद्धा आहे म्हणून.

चाळीस वर्षांनी कंपनीला ती रेकॉर्ड नव्याने काढायची होती. गोदामात मूळ टेप सापडली. साहेबाने गुडघ्यांचं कारण सांगितलं. बाकी तिघं स्टुडिओत गेली. ढोल्या आता काडी झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवी ध्वनिमुद्रक चाळिशीची बाई होती, चष्मा केसांत खोचलेला. तिच्या यंत्रावर एकेक वाद्य सुटं करून ऐकता येत होतं.

"मावशी, तुमची गिटार एकटीच लावू? हे ऐकायला मी केव्हाची थांबलेय."

वहिनी पुढे सरकून बसली. अंगठी अजून त्याच बोटात होती. आता सैल झाल्यामुळे तिला दोरा गुंडाळलेला होता. गिटार सुरू झाली. वहिनीने मान कलती केली. तुकडा संपला तरी मान तशीच होती.

"टकटक काढून टाकलीत का?"

"कसली टकटक? मी अजून कशालाच हात लावलेला नाही, मावशी."

"पुन्हा लावा. जरा आधीपासून."

बाईने टेप मागे नेली. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीत, अगदी माइकजवळ, कोणीतरी दोनदा हलकेच घसा खाकरला. आणि गिटार सुरू झाली.

"अगंबाई, हे कोण?" बाई हसून म्हणाली.

ढोल्या बुटांच्या नाड्या बघत होता. त्या सुटलेल्या नव्हत्या.

घरी आल्यावर मुनीने चहाचं आधण ठेवलं. वहिनी चप्पल न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"माझं कुठे आहे?"

त्याचा हात गळ्याकडे गेला.

"खाकरू नकोस. बोल."

"टेपवर तुझ्या गिटारचा ट्रॅक होता, त्यावरच मी वाजवलं. दुसरी जागा शिल्लक नव्हती."

"म्हणजे पुसलंस."

"हो."

"वाईट झालं होतं?"

"नाही." तो कपाच्या कानावरून बोट फिरवत राहिला. "फार चांगलं झालं होतं. त्याच्यानंतर साहेबाचं कडवं कोणी ऐकलं नसतं. तो म्हणाला, हे राहणार असेल तर मी नाही. करार त्याच्या नावावर होता. बाहेरून कोणाला तरी आणून वाजवून घेणार होता. म्हटलं, परक्यानं वाजवण्यापेक्षा..."

"घरच्यानं पुसलेलं बरं."

आधण उकळायला लागलं होतं. कोणी उठलं नाही.

"ढोल्याला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

"आणि मला सांगायला तुला चाळीस वर्षं पुरली नाहीत."

"सांगणार होतो गं. तू दवाखान्यातून आलीस की सांगणार होतो. पण तू रेकॉर्ड लावून बसलीस, पोरीला घेऊन. माझी चूक झाली होती तीसुद्धा शिकलीस. मग कसं सांगणार?"

वहिनीचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटांनी कड दाबली आणि एक नसलेली तार ताणली. अपुरी नाही, पुरी.

तिने विचारलं, "तुला आठवतं का ते? माझं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत."

आणि घसा न खाकरता तो गुणगुणायला लागला. पहिले पाच सूर आले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा खालून सुरू होणारे, आणि मग एकदम असे वर जाणारे, की तिच्या हातावर काटा आला. हे तिचंच होतं. विचारायचीही गरज नव्हती.

"पुरे," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून नको."

तो थांबला. एकदा सांगितलेलं त्याला पुरत असे.

नवी रेकॉर्ड निघाली. गिटारपुढे वहिनीचंच नाव होतं, पूर्वीसारखं. घसा खाकरल्याचा आवाज जिवंत वाटतो म्हणून ध्वनिमुद्रक बाईने तो तसाच ठेवला, आणि तसं कौतुकाने फोन करून कळवलं. साहेब त्याच वर्षी गेला; वर्तमानपत्रांत मोठा फोटो आला, ऐन तारुण्यातला. ढोल्याने आपलं वाद्यांचं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. वहिनीच्या वाढदिवसाला तो न चुकता तिला फोन करतो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. मुलीला कोणीच काही सांगितलं नाही. ती आता आपल्या मुलांना त्या लाथेची गोष्ट सांगते.

मुनी नंतर तीन वर्षं होता. सकाळचा चहा तोच करायचा, औषधं तीच काढून द्यायची. एकदा न्हाणीघरातून त्याची गुणगुण ऐकू आली, तेव्हा तिने मुद्दाम स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला. मग थोड्याशा तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

वहिनी अजून वाजवते, दुपारची, खिडकीपाशी बसून. रेकॉर्डवरचा तो तुकडा तिने सोडून दिला आहे. आधी तिचे ते पाच सूर येतात, अंगठी पत्र्यावर टकटकते, आणि मग सहाव्या सुरासाठी उचललेलं बोट तारेवर नुसतंच टेकून राहतं.