गुरांच्या डॉक्टरची उमेदवारी

म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं. कुणी मधमाश्या पाळतं, कुणी विणकाम शिकतं. मारियेलच्या बापाने, आल्सीद थिबोडोने, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, उभं राहायचं ठरवलं.

न्यू हॅम्पशायरमध्ये ते फारसं अवघड नाही. राजधानीला जायचं, हजार डॉलर भरायचे, सही ठोकायची, की आलं नाव मतपत्रिकेवर. अवघड असतं ते नंतर गावात तोंड दाखवणं. चार वर्षांपूर्वी याच गावचा वॉल्टर पिंकहॅम हत्तीच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाकडून असाच उभा राहिला होता. मतं मोजली, तर स्वतःच्या गावात शून्य. स्वतःचंसुद्धा मत नाही! लोकांनी विचारलं तर म्हणाला, "मत वाया घालवायचं नव्हतं." तेव्हापासून तो शून्या वॉल्टर. पेट्रोलपंपावरची कालची पोरंही त्याला तोंडावर शून्या म्हणतात, आणि तो ओ देतो.

मारियेलची झोप उडाली होती ती या शून्यापायी. तशी तिची झोप उडायला फारसं काही लागत नसे. अकरा महिन्यांची टेस शांत झोपली असली तरी ती पाळण्यावर वाकून श्वास ऐकायची. रडली तर का रडली, आणि रडली नाही तर का रडत नाही. नवरा वेड हॉज बर्फ लोटायच्या ट्रकवर. वादळ आलं की तो घराबाहेर, ही घरात टेसला छातीशी धरून. त्यात आता बाप. तो आयुष्यभर या डोंगरातल्या गोठ्यागोठ्यांतून मानाने हिंडला. आता सत्तरीला टेकल्यावर गाव त्याला शून्या म्हणणार?

आणि उभा राहिला होता तो हिच्यामुळे. तसं तो म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं.

जवळच्या इस्पितळाने बाळंतपणाचा विभाग बंद केला त्याला दोन वर्षं होत आली होती. आता बाळंतपणाला घाट ओलांडून पलीकडे जायचं. मागच्या फेब्रुवारीत कळा सुरू झाल्या तेव्हा वेड बर्फात अडकलेला. आल्सीदने तिला आपल्या जुन्या ट्रकमध्ये घातलं. घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत टेसने दम धरला नाही. ट्रकच्या पुढच्या सीटवर, खिडक्यांवर बर्फाचे थर चढत असताना, तो तिच्याशी अडलेल्या गाईशी बोलायचा त्याच आवाजात बोलत होता, "हो, माझी बाई, हो. चाललंय, चाललंय." पोर निळसर निघाली आणि गप्प. वासरं पुसायच्या टॉवेलने तो तिला घासत राहिला, घासत राहिला, तेव्हा कुठे तिने टाहो फोडला. त्यानंतर गिअर टाकायचं विसरून तो नुसता स्टिअरिंग धरून बसलेला मारियेलने पाहिला. जन्मात पहिल्यांदा.

मग उन्हाळ्यात बडे उमेदवार यायला लागले. आल्सीद एकेकाला गाठून विचारायचा, "आमच्या बायकांनी बाळंत व्हायचं कुठे?" प्रत्येक जण त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणायचा, "फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात." आणि ब्लूबेरीचा केक खायला पुढे सरकायचा. ऑक्टोबर संपता संपता आल्सीद राजधानीला गेला आणि सही करून आला.

"चाळीस वर्षांत घरातला नळ दुरुस्त केला नाहीस," लुसील, मारियेलची आई, म्हणाली, "आता देश दुरुस्त करणार?"

"तुझं मत मागत नाहीये मी."

"मागूनही मिळायचं नाही. मी हत्तीची."

त्या घरात हे जुनंच होतं. आल्सीद जन्माचा डेमोक्रॅट, म्हणजे गाढवाच्या निशाणीचा. लुसील रिपब्लिकन, हत्तीची. दर निवडणुकीला दोघं एका ट्रकमधून जात, एकमेकांचं मत खोडत आणि त्याच ट्रकमधून परत येत. वाटेत भांडण नाही. डोनट मात्र घ्यायचेच.

मतदानाच्या आदल्या दुपारी लुसीलच्या स्वयंपाकघरात शेवटची सभा झाली. सभा कसली, सात-आठ शेजारी, कॉफी, आणि लुसीलने डुकराचा खिमा भरून भाजलेली तूर्तिएर. नवऱ्याच्या पक्षाला मत देणार नाही म्हणून पाहुण्यांना उपाशी धाडायचं असं थोडंच आहे. शून्या वॉल्टरही आला होता. दुसऱ्या तुकड्यावर होता.

"डॉक्टर, परराष्ट्र धोरण काय तुमचं?" त्याने तोंड भरल्या भरल्या विचारलं.

"कॅनडाशी बरं चाललंय. माझी मावशी तिथेच असते."

"आणि बाकीचं जग?"

"बाकीच्या जगात मावशी नाही. शिकून घेईन."

लोक हसले. मग आल्सीद उभा राहिला, आणि मारियेलने टेसला घट्ट धरलं. बापाला भाषण येत नाही हे तिला माहीत होतं.

"मी गाय बघितली, घोडा बघितला," तो म्हणाला, "मेंढ्या, लामा, एकदा सर्कशीतलं अस्वल. गाढवं तर ढिगाने. हत्ती तेवढा कधी हाताखाली आला नाही." त्याने लुसीलकडे बघितलं. तिने बघितलं नाही. "या डोंगरात गाय अडली तर रात्री-अपरात्री कुणीतरी येतं. मी यायचो. बाई अडली तर कुणी येत नाही. एवढंच म्हणायला उभा आहे. मी निवडून येणार नाही हे मलाही कळतं. पण निकालाच्या यादीत नावापुढे आकडा दिसला तर कुणीतरी विचारील, हा कोण, आणि याचं म्हणणं काय."

वॉल्टरने काटा खाली ठेवला.

निघताना आल्सीदने टेसच्या टोपीची गाठ सैल करून परत बांधली. "तुझं मत मी धरलंय बरं का," तो मारियेलला म्हणाला. "तुझं नि माझं. त्यापुढे येईल तो फायदा."

"हे काय सांगणं झालं, पापा?"

मंगळवारी सकाळी टाऊन हॉलबाहेर तो आपला फलक घेऊन उभा होता, भुवयांवर बर्फ. मोठ्या उमेदवारांची पोरं रंगीत जाकिटं घालून ओरडत होती. आल्सीद ओरडत नव्हता. येणाऱ्याच्या कुत्र्याची चौकशी करत होता.

मारियेल टेसला कडेवर घेऊन आत गेली. टेबलाशी मिसेस टटल मतदारयादी घेऊन बसल्या होत्या. मारियेलला लहानपणी त्यांनीच ग्रंथालयात ओरडून ओरडून गप्प बसवलेलं.

"गाढवाची पत्रिका द्या, मिसेस टटल."

मिसेस टटलांनी यादीवर पट्टी सरकवली. थांबल्या. "हॉज, मारियेल. अगं, तू हत्तीत आहेस."

"मी? मी कुठेच नाही. मी मोकळी आहे. मोकळ्या मतदाराला कुठलीही पत्रिका मिळते ना?"

"मोकळी होतीस. गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात वेडचा चुलतभाऊ शेरीफपदाच्या प्रायमरीत उभा होता, तेव्हा हत्तीची पत्रिका घेतलीस. ती घेतली की त्या पक्षात नाव लागतं. जाताना त्या तिथल्या टेबलावर सही करून परत मोकळं व्हायचं. केली होतीस सही?"

मारियेलच्या डोळ्यांपुढे तो दिवस आला. पोटात ढवळत होतं. पत्रिका पेटीत टाकली, तोंडावर हात धरला आणि बाहेर मेपलच्या झाडाकडे धावत सुटली. तेव्हा अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. तीच ही टेस, आता कडेवर बसून मिसेस टटलांची पेन्सिल ओढतेय.

"मग आता करते सही."

"पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबराच्या सुरुवातीलाच संपली, बाळा. तुझ्या पापाने अर्ज भरायच्या आधी." मिसेस टटलांनी चष्मा काढला. "माझ्या हातात असतं तर..."

मागून कुणीतरी म्हणालं, "हत्तीच्या कळपात शिरलीस की सुटका नाही बाई!" रांग हसली. मारियेलही हसली, आणि तिने टेसला दुसऱ्या कडेवर घेतलं.

हत्तीची पत्रिका घेऊन ती पडद्यामागे गेली. ओळीने नावं होती, एकही तिच्या कामाचं नाही. बाहेर बर्फात बाप तिचं मत धरून उभा होता. त्याने सगळ्या देशात एवढं एकच मत हक्काचं मानलं होतं, आणि तेच तिच्याकडे नव्हतं. ज्या पोरीसाठी तो उभा राहिला तिच्याचमुळे हे व्हावं!

यादीच्या तळाशी एक कोरी ओळ होती. यादीत नसलेलं नाव तिथे हाताने लिहायचं. दर वेळी गावातलं कुणीतरी तिथे आपल्या कुत्र्याचं नाव लिहितं, आणि निवडणूक पंच मिस्टर ओकली भरल्या हॉलमध्ये ते सरळ चेहऱ्याने वाचून दाखवतात. कायदाच तसा. म्हणजे आपण लिहिलं, तर बापाचं नाव कुत्र्यांच्या पंक्तीत वाचलं जाणार. विरुद्ध पक्षाच्या यादीत. लोक पोट धरून हसणार. नाही लिहिलं, तर?

टेसने तिच्या नाकाला हात लावला. मारियेलने पेन्सिल उचलली आणि नाव लिहिलं, पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर दाबून.

"झालं?" बाहेर आल्सीदने विचारलं.

"झालं."

"म्हणजे दोन पक्की," तो म्हणाला, आणि इतका खूश दिसला की तिने टेसच्या टोपीत तोंड लपवलं.

संध्याकाळी मतदान संपल्यावर गाव हॉलमध्येच रेंगाळलं. आमच्याकडे मोजणी हाताने होते आणि ऐकायला लोक थांबतात. कुणी स्वेटर विणत होतं, कुणी चिलीचे, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचे, वाडगे फिरवत होतं. वेड ट्रक बाहेर लावून, बुटांवरच्या बर्फासकट येऊन मारियेलशेजारी उभा राहिला. लुसील खुर्चीत, पर्स मांडीवर.

मिस्टर ओकली उठले. आधी गाढवाची यादी. बड्या नावांचे बडे आकडे. "आल्सीद थिबोडो," त्यांनी वाचलं, "चौदा."

टाळ्या पडल्या. आल्सीदने टोपी काढली, परत घातली, परत काढली. शून्य नाही. चौदा! तो मारियेलकडे वळला. "बघितलंस? तू, मी, आणि वर बारा!"

आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. तो चौदात तिला मोजत सुखाने घरी गेला असता. पण तिला ते तोंड बघवेना.

"पापा, त्या चौदात मी नाही."

त्याला कळलं नाही. तिने भराभर सगळं सांगितलं. शेरीफ, सप्टेंबर, ओकारी, राहिलेली सही. सांगता सांगता रडली. आल्सीद ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, आणि मग त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "हो, माझी बाई, हो," तो पुटपुटला.

"आता हत्तीचा पक्ष," मिस्टर ओकली म्हणाले. पुन्हा बडी नावं, बडे आकडे. "हाताने लिहिलेली नावं. ह्यूगो, एक." हशा पिकला. ह्यूगो पोस्टमास्तरणीचा लॅब्रॅडॉर. मारियेलने डोळे मिटले.

"आल्सीद थिबोडो. तीन."

हसू अर्ध्यावर थांबलं. मिस्टर ओकलींनी कागद जवळ नेऊन परत बघितला. "तीन," ते म्हणाले.

"तीन?" मारियेल म्हणाली. "मी तर एकच..."

आल्सीदने वेडकडे बघितलं. वेडने हात वर केले. "मी नाही, पापा. मी मोकळा आहे. मी तुमच्या चौदातला."

मग आल्सीद हळूहळू लुसीलकडे वळला. ती स्कार्फची गाठ बांधत होती. सुटलेली नव्हती तरी बांधत होती.

"माझ्याकडे काय बघतोस? मत गुप्त असतं."

"लुसील."

"पोरीला तू घाट ओलांडून नेलंस. मी घरी फोनजवळ बसले होते," ती गाठीकडे बघत म्हणाली. "नळ मात्र दुरुस्त करायचा."

"आणि तिसरं?" मारियेलने विचारलं.

मागच्या रांगेत शून्या वॉल्टर चिलीचा वाडगा पुसून काढत होता. सगळं गाव त्याच्याकडे बघायला लागलं, तेव्हा त्याने खांदे उडवले.

"काय? मत वाया घालवायचं नव्हतं."

आता मात्र हॉल दणाणला. वॉल्टर लाल झाला, पण उठला नाही. राज्यभरात आल्सीदचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. उद्याच्या यादीत तो तळाशी असणार, इस्पितळातला तो मजला तसाच अंधारा राहणार, आणि पुढची बाई पुन्हा घाटाकडे बघणार. पण कोपऱ्यात बसलेल्या स्थानिक वर्तमानपत्राच्या मुलीने वही उघडली होती, आणि ती आल्सीदलाच शोधत येत होती. "डॉक्टर, दोन्ही पक्षांत मतं पडलेले तुम्ही गावातले एकटेच. कशी काय?"

आल्सीदने टेसला मारियेलच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. तिने त्याची ओली भुवई ओढली.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला, "हत्ती तेवढा राहिला होता तपासायचा. बस, सांगतो. गोष्ट घाटातून सुरू होते."