आठचा पीळ, चौदाचा पीळ

रायफलीची नळी कामातून गेली होती, यात वाद नव्हता. मर्ल रूडने त्या रायफलीने तीस वर्षं लसूणघास फस्त करणारे, बिळांत राहणारे खारीएवढे गोफर टिपले होते. एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल, पण तीस वर्षं म्हणजे तीस वर्षं. भिंगातून पाहिलं तर नळीचं आतलं तोंड उन्हाने भेगाळलेल्या जमिनीसारखं दिसत होतं.

मर्ल मार्चमध्ये गेला. मेमध्ये त्याची बायको आर्डिस रायफल घेऊन वेंडेलच्या दुकानात आली. मोंटानाच्या त्या टोकाला बंदुका दुरुस्त करणारा तो एकटाच. सोबत कॉफीच्या डब्यांत घरी भरलेली तीनशे काडतुसं होती.

"या काडतुसांना चालेल अशी नळी बसव," ती म्हणाली.

वेंडेलकडे एकच नळी तयार होती. गोळीला गिरकी देणारा तिच्या आतला पीळ घट्ट होता, दर आठ इंचांना एक वळसा. जुनीचा चौदा इंचांना एक.

"हल्ली सगळे हाच पीळ मागतात," तो म्हणाला. "चौदाची मागवली तर सहा आठवडे लागतील. तोवर गोफर तुझं कुरण खाऊन ढेकर देतील."

आर्डिस हो म्हणाली. वेंडेलने जुनी नळी बाकावरच्या शिकंज्यात आवळली आणि सगळं अंग टाकून रायफल फिरवली, तेव्हा कुठे नळी करकरत सुटली. नवीत काडतुसाचं घर कोरताना तो दर चार फेऱ्यांनी थांबून पुसत होता.

"एवढं काय पुसतोस? बाळ आहे का ते?"

"धातूचा कणभर कीस राहिला तर घर ओरखडतं, बाई. बाळ परवडलं."

आर्डिसला मजा वाटली. ती हलायलाच तयार नव्हती.

मग दुकानामागे चाचणी झाली. शंभर यार्डांवर कागद, दहा गोळ्या, आणि कागद कोरा. एकही भोक नाही! वेंडेलने रायफलीवरची दुर्बीण तपासली, स्क्रू आवळून पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी शेवटी मर्लचे हात थरथरायचे. काडतुसांत दारू कमीजास्त पडली असणार. टाकून दे ही."

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तीनशे काडतुसं तिने भरली होती. मर्लला कप धरवेना तेव्हा तो वजन वाचून दाखवायचा आणि ती दारू तोलायची, कण न् कण. 'तू भरतेस हे गावात बोलू नकोस,' एवढंच त्याने मागितलं होतं. आता गप्प बसावं तर मर्लचं नाव जातं, बोलावं तर त्याला दिलेला शब्द जातो. काडतुसं निर्दोष आहेत हे सिद्ध करणं, एवढंच हातात होतं.

"आणखी एक मार," ती म्हणाली. "मी मागे उभी राहून बघते."

हवा अगदी स्थिर होती. निम्म्या वाटेवर तिला एक बारीक करडी रेघ दिसली, मग चिमूटभर धूर, मग काही नाही.

"वेंडेल, तुझी गोळी पोचतच नाही. वाटेतच तिचा धूर होतोय."

"काहीतरीच!"

"मग तू बघ, मी मारते."

तिने मारली. त्याने पाहिलं आणि तो सरळ कॉफीच्या डब्याकडे वळला. पकडीने एका काडतुसातली गोळी उपटून त्याने तिच्यावर नख दाबलं.

"पातळ कवचाची. गोफरला लागताच फुटावी म्हणून. आणि मी तिला आठच्या पिळातून भोवऱ्यासारखी गरगरवतोय! हवेतच चिंध्या होतात तिच्या. चाळीस वर्षं धंदा करून मी हे विसरलो."

चौदाची नळी जूनअखेर आली. कुरणाचं म्हणाल तर गोफरांनी खरंच ढेकर दिली होती. वेंडेलने ती नळी बसवली आणि पाच गोळ्या मारल्या. पाचही मिळून कागदावर एकच भोक, नाण्याखाली झाकलं जाईल एवढं.

वेंडेलने टोपी काढली आणि आभाळाकडे पाहिलं. "माफ कर गड्या मर्ल. तुझ्या हातांना नावं ठेवली मी."

इथे आर्डिसने गप्प बसायला हवं होतं. पण त्या भोकाकडे पाहून तिचा ऊर असा भरून आला की तिला राहवेना. मर्लला राग आला असता. येऊ दे, तिने ठरवलं.

"हात माझे होते," ती म्हणाली. "तो नुसता वजन वाचायचा."

"सगळी तू भरलीस?"

"तीनशेच्या तीनशे."

वेंडेलने हातातल्या टोपीकडे पाहिलं. "म्हणजे मला आता परत माफी मागावी लागणार?"

"माग की," आर्डिस म्हणाली. "पण वर बघून नको. इकडे बघून."