गुलरुखचा ताज

मयूरा हॅरिस पार्कमधल्या एका छोट्या प्रिंट शॉपमध्ये डिझायनर होती. पुण्याहून युनीत शिकायला परदेशी आली आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर इथेच राहिली. मार्चमधल्या एका दुपारी तिच्या काउंटरपाशी तीन बायका आल्या: इराणची मेहरी, अफगाणिस्तानची नाहीद आणि ताजिकिस्तानची गुलरुख. तिघी जवळच्याच टूनगॅबीला राहायच्या आणि एकच भाषा बोलायच्या. मेहरी तिला फारसी म्हणे, नाहीद दरी आणि गुलरुख ताजिक. नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या पिकनिकसाठी त्यांना मोठा बॅनर हवा होता, तिन्ही देशांच्या झेंड्यांचा.

मयूराने झेंडे स्क्रीनवर लावले. मेहरी लगेच म्हणाली, "निशान नको."

"म्हणजे झेंडाच नको?" मयूरा गोंधळली.

नाहीदला हिंदी यायची. ती हसली. "आमच्यात निशान म्हणजे मधलं चिन्ह. झेंड्याला आम्ही परचम म्हणतो."

मग मेहरीने नीट सांगितलं. हिरवा, पांढरा, लाल हे पट्टे सगळ्या इराण्यांना प्रिय. पण मध्ये आत्ताचं लाल चिन्ह ठेवलं की काही जण तोंड फिरवतात आणि जुना सिंह-सूर्य ठेवला की बाकीचे. गेल्या वर्षी यावरूनच दोन कुटुंबं जेवण टाकून निघून गेली होती.

"माझ्या आयुष्यात आमचा झेंडा किती वेळा बदलला, विचारू नकोस," नाहीद म्हणाली. "आता काबूलवर पांढरा आहे. पण मी काळा-लाल-हिरवाच लावणार. काळा म्हणजे सरलेले वाईट दिवस, लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त, हिरवा म्हणजे आशा. शाळेत मुलींना हेच शिकवायचे मी." ती स्क्रीनकडे वळली. "चिन्ह काढ. रंग ठेव."

गुलरुख बस चालवायची, बोलायची कमी. तिच्या झेंड्यावर मधोमध सोनेरी मुकुट होता, वर सात तारे. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ताज."

"ताज कळतो मला. आम्हीही ताजच म्हणतो," मयूरा म्हणाली.

गुलरुख खुलली. लाल पट्टा सूर्याचा, हिरवा दऱ्याखोऱ्यांचा, पांढरा कापसाचा, असं तिने सांगितलं. तिची आई जन्मभर कापूस वेचायची.

मयूराने दोन झेंड्यांची चिन्हं पुसली आणि स्क्रीन तिघींकडे वळवली. दोन झेंडे मोकळे, एकावर ताज. गुलरुख बराच वेळ बघत राहिली.

"माझाही काढ."

"पण तुमच्या झेंड्यावर तर काही वाद नाही ना?"

"नाही. म्हणूनच मला काढता येतो."

मेहरी आणि नाहीद एकदमच आपल्या भाषेत बोलायला लागल्या. आमच्या भांडणासाठी तू का सोडायचा, असं त्या म्हणत असाव्यात, कारण 'ताज' हा शब्द मयूराला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. गुलरुखने दोघींचे हात धरले आणि मान हलवली. मयूराने ताज पुसला. पुसताना तिलाच वाईट वाटलं.

मशीनवरच्या मोहनने छपाई थांबवून हाक मारली. "अगं, हे दोन एकच ना? एक उलटा आलाय!"

"नाही रे. एक इराण, एक ताजिकिस्तान. छाप तसंच."

पिकनिकला तिघींनी मयूरालाही बोलावलं. बॅनर दोन निलगिरींच्या मध्ये ताणून बांधला होता. गेल्या वर्षी निघून गेलेली दोन्ही कुटुंबं आली होती, एकमेकांपासून जरा लांब बसली होती, पण जेवत होती. त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या आजोबांनी बॅनरकडे बघून नाहीदला विचारलं, "ताजिकांचा ताज कुठे गेला?"

नाहीदने घडलं ते सांगितलं. आजोबा काठी टेकत उठले, गुलरुखसमोर गेले आणि छातीवर हात ठेवून वाकले. पलीकडच्या कुटुंबातला माणूसही उठून उभा राहिला.

गुलरुख लाजून लाल झाली. काय करावं ते न कळून तिने मोठ्या पातेल्यात डाव घातला आणि मोड आलेल्या गव्हाची गोड खीर वाटायला लागली. मेहरी त्या खिरीला समनू म्हणाली, नाहीद समनक. गुलरुखने पहिली वाटी आजोबांना दिली, दुसरी मयूराला.

"सुमलक," ती म्हणाली. "गरम आहे, सांभाळून."