कर्जतचा समुद्र

मॉनिटरला झेंडूचा हार. माऊसला हळदकुंकू.

"चपला भायेर काढा. यंत्राला धूळ चालत न्हाई." श्रीमंत महाराज बजावतात.

टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते. तो औषधाचा रंग असतो.

मोडेम किंचाळतो. बाया हात जोडतात. "बोलला!"

साल १९९९. ऊसतोडीला निघण्याआधी आमच्या कर्जत भागात देवाला कौल लावतात. उजवं फूल पडलं की कोयता घेऊन निघायचं. यंदा रांग देवळापुढे नव्हती, श्रीमंत महाराजांच्या गाळ्यापुढे होती.

"इंटरनेटवरलं जगाचं समदं लिखाण ह्यो वाचतो," महाराज सांगत होते. "ऋषींचा जन्म गेला वाचन्यात. ह्याला चहा निवायचाबी येळ लागत न्हाई. आन शिकवलं कुनी? कुनीच न्हाई! आपोआप!"

मनकर्णा पुढे झाली, मागे तिचा नवरा अजिनाथ. "म्हाराज, टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल व्हतीय. घेऊ का सोडू?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरांतली मराठी उमटली. महाराजांनी वाचली : "गोळी जहर. संजीवन चूर्ण घ्या."

तिने गोळ्या सोडल्या. दिवाळीला खोकला परतला, थुंकीतून रक्त घेऊन.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर रश्मी हे ऐकून संतापल्या. नागापूरच्या एका कारखान्यात त्यांच्या मैत्रिणीकडे इंटरनेट होतं. तिथे बसून त्यांनी चूर्णाबद्दलची इंटरनेटवरची पानं शोधली, आणि स्वतःचीही काही पानं त्यावर चढवली. मग भर गर्दीत गाळ्यावर आल्या.

"विचारा त्याला, कर्जतला काय आहे?"

महाराजांनी ऐटीत टंकलं. उत्तर आलं : समुद्र.

मग म्हातारे कारभारी आप्पा म्हणाले, "पूर्वी आसंल बी."

गर्दीतच मी कपाळावर हात मारला.

"बाई, ह्यो ज्ञानाचा समुद्र," महाराज घाईने म्हणाले.

"असं? मग विचारा, त्यात मासे कोणते?"

पापलेट.

"पापलेट?" आप्पा उसळले. "आरं, हितं टँकरची वाट बघतोय आमी!"

गर्दी हसली. रश्मीताई हसल्या नाहीत. "समुद्र मीच लिहिला. पुन्हा पुन्हा लिहिला. हे यंत्र शब्द मोजतं. जे जास्त वेळा लिहिलेलं दिसेल, तेच सांगतं. खरं-खोटं त्याला कळत नाही. आणि 'गोळी जहर' लिहिलेल्या प्रत्येक पानाखाली पत्ता ह्याच गाळ्याचा आहे."

महाराजांनी स्विच बंद केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रांग हलेना. "डाक्टरीनबाई," कोणीतरी म्हणालं, "आता तुमी त्यात खरं लिवा, आन तुमीच कौल द्या!"

काय करायचं ह्या लोकांचं? अहो, यंत्राला खुशाल विचारा. पण त्याने वाचलं ते लिहिलं कोणी, कशावरून, कोणाच्या फायद्यासाठी, हे विचारायला लाज कसली?

मनकर्णाचे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आता इंजेक्शनांसकट. ऊसतोडीची टोळी तिला आणि अजिनाथला न घेताच निघून गेली.

गोळ्या सोडण्याआधीच्या तपासणीत तिच्या थुंकीत जंतू सापडेनासे झाले होते.