नवरीला कावीळ करणारा कॅमेरा

मी एक व्हिडिओ कॅमेरा बोलतोय. जन्म जपानचा, पण वळण सगळं इंदापूरचं. १९९१ साली माझे मालक दादासाहेब यांनी मला पुण्याहून सेकंडहँड आणलं आणि लग्नाच्या शूटिंगला जुंपलं.

माझ्या अंगात एक खोड होती. शूटिंगआधी कॅमेऱ्याला पांढरा कागद दाखवून रंग ठरवून घ्यावे लागतात. माझं ते बटणच गेलेलं. त्यामुळं मला सगळं जग पिवळं दिसायचं. हळदीच्या दिवशी खपून जाई. लग्नात मात्र नवरदेवाचा पांढरा सफारी बेसनात बुडवल्यासारखा. तरी माझा तोरा काय वर्णावा! माझा दिवा लागला की जेवणारी माणसं घास हातात धरून थांबत, म्हातारे फोटो निघेपर्यंत श्वास रोखून धरत. हा मान माझ्या कलेचाच, अशी माझी समजूत.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात भवानीनगरला उत्कर्षाचं लग्न होतं. तिच्या वडिलांनी, गेणबांनी, आम्हाला बोलावलं. नवरदेवाकडून बारामतीचा ऋषिराज नवाकोरा कॅमेरा घेऊन आला.

"दादासाहेब, तुमी पंगतीकडं बघा. स्टेज मी घेतो."

मी, एवढा मोठा कलावंत, दिवसभर बटाट्याची भाजी टिपत बसलो.

पुढं दोघांच्या चित्रांची एक कॅसेट करायला दादासाहेब मला घेऊन ऋषिराजच्या स्टुडिओत गेले. त्याच्या चित्रात शालू लालबुंद. माझं चित्र आलं की तोच शालू नारिंगी.

"तुमच्या कॅमेऱ्यात नवरीला कावीळ झालीया की!" ऋषिराज म्हणाला.

त्यानं रंगाची बटणं फिरवली. पिवळा कमी केला तर विहीणबाई हिरव्या झाल्या. लाल वाढवला तर भात गुलाबी. शेवटी तो वैतागला. "न्हाय जुळत. पंगत काढूनच टाकू." दादासाहेब नुसते चष्मा पुसत राहिले. मला तर तोंड लपवायला झाकणही नव्हतं. ते एका लग्नात हरवलेलं.

तेवढ्यात उत्कर्षा नवऱ्याला घेऊन आली. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात गेणबा शेतात चक्कर येऊन पडले, ते उठलेच नव्हते.

"आबा कुठं दिसत्यात का?" तिनं विचारलं.

ऋषिराजनं स्टेजचं सगळं चित्रण मागं-पुढं केलं. एका ठिकाणी गेणबांचा फेटा, एका ठिकाणी पाठ, कन्यादानाला खाली घातलेली मान. चेहरा कुठंच नाही.

मग दादासाहेबांनी माझी पंगत लावली. पिवळेधमक गेणबा जिलबीचं ताट घेऊन लेकीपुढं वाकलेले.

"खा की गं. सकाळपास्नं उपाशी हायेस. माझ्याकडं बघ, आन् एक खा."

ती नको नको म्हणतेय, आणि ते दिलखुलास हसताहेत.

ऋषिराजचा हात सवयीनं बटणाकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या," उत्कर्षा म्हणाली. "रंगाचं काय करायचंय? आबाचा आवाज हाय त्यात."

अख्खी पंगत कॅसेटमध्ये राहिली. निघताना ऋषिराजनं मला स्वतःच्या हातानं पुसून पिशवीत ठेवलं.

आता चार वर्षं झाली. मी दादासाहेबांच्या कपाटावर पडून आहे. बॅटरी चार्ज होत नाही. नव्या कॅमेऱ्यात पांढरं पांढरंच दिसतं म्हणे. दिसू दे. मी त्या दिवशी काही कला दाखवली नव्हती. मला स्टेजवरून हाकललं, म्हणून मी योग्य जागी होतो, एवढंच.

जाता जाता एक मागणं आहे. घरातल्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच टेप करू नका. आधी एकदा शेवटपर्यंत बघा, पंगतीसकट.