शिट्टीऐवजी वाजलेला खडखडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खडखडा आहे. दांडा धरून मला गरगर फिरवलं की माझी पट्टी दात्यांवर आपटते आणि ऐकणाऱ्याचे कान किटतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळी गावात डॉड कॅटो या सुताराने ओटच्या पिकावरचे कावळे हाकायला मला घडवलं. तेव्हा मी सुखी होतो.

मग युद्ध आलं. डॉडची मुलगी एल्स्पेट गल्लीची पहारेकरी झाली. तिच्या गळ्यात शिट्टी, कमरेला मी. शिट्टी वाजली तर शत्रूची विमानं आली, तळघरात पळायचं. मी वाजलो तर विषारी वायू आला, मुखवटा चढवायचा. वायू कधी आलाच नाही. विमानं मात्र समुद्रावरून सारखी यायची आणि मी नुसता लटकून तळमळायचो. एकदा तरी मला फिरवा, असं वाटायचं.

एका दुपारी धुक्यातून एक विमान छपरांना घासत आलं. भोंगा वाजलाच नाही. हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायका धक्क्यावर भाकरतुकडा खात होत्या. एल्स्पेटने धावत येऊन शिट्टी ओठांना लावली, पण छातीत दमच उरला नव्हता. नुसती फुस्स हवा! घाबरून तिने मला उपसलं आणि फिरवलं.

"अगं बाई, वायू!" तिची जिवाची मैत्रीण मिना किंचाळली. "मेला माझा मुखवटा घरीच राहिला!"

"मिने, घरी नको! तळघरात चल!"

माझ्याच कडकडाटात ते शब्द बुडाले. बाकीच्या बायका मुखवटे चढवून भिंतीला चिकटल्या आणि वाचल्या. मिना घरात शिरली आणि बॉम्ब नेमका त्याच घरावर पडला.

एल्स्पेटला कुणी बोल लावला नाही. उलट मिनाची आई म्हणाली, "पोरी, तू काहीतरी वाजवलंस तरी." तेच तिला जास्त लागलं. तिने मला माळ्यावर टाकलं. मिनाचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. मला मात्र एक दिवस स्वस्थता नव्हती.

परवा तिच्या नातीने, शीनाने, फुटबॉलच्या सामन्यात आपल्या संघासाठी गोंगाट करायला मला खाली काढलं आणि दारातच फिरवलं. चहा पीत बसलेली म्हातारी एल्स्पेट कप टाकून उठली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत ओरडली, "मिने, घरी नको!"

शीनाने मला घट्ट धरून गप्प केलं. "आजी, मिना कोण गं?"

साठ वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती पायरीवर बसली आणि सांगू लागली.

मित्रांनो, माळ्यावरच्या आम्हा जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. पण आम्हाला वाजवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जरा बसा, आणि विचारा.