निळ्या पिंपातली अंबाडी

शेळीला नायलॉनचं दावं बांधणाऱ्याला घाटनांदूरचा सटवा माणसातच धरत नसे. मान कापते म्हणे. दावं हवं अंबाडीच्या धाग्याचं, पण अंबाडीची साल कुजवायला नदीला पाणी हवं आणि ते तर नव्हतं. त्याची लेक संगीता अंबाजोगाईला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिनं कॉलेजातून बाटलीभर बुरशी वाढवून आणली.

"आता बुरशी पाळायची व्हय? शेळ्या कमी हायत का?" सटवानं टर उडवली.

पण सगळं ऐकून घेतलं. सालीतला धागा पेक्टिन नावाच्या डिंकानं चिकटलेला असतो. बुरशीतून पाझरणारं विकर तो डिंक विरघळवतं, आणि पिंपभर पाण्यात काम भागतं. फक्त चौथ्या दिवशी साल काढायची, नाहीतर बुरशी धागाही खायला लागते. बापलेकीनं अंगणातलं निळं पिंप भरलं.

दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागं गेलेला सटवा माळावर कोसळला. उचलून आणला तेव्हा तो गेलेलाच होता.

सुतकात घरच्यांनी कामाला हात लावायचा नाही. माणसं येत, बसत, जात. संगीताला रडू काही आलं नाही. चौथा दिवस तिच्या चांगला ध्यानात होता. शेजारच्या कौशल्याबाईला नुसतं सांगितलं असतं तरी तिनं साल काढून धुतली असती. पण ही गप्पच. पिंप झाकलेलं आहे तोवर बापाचं काम चालू आहे, असं तिला वाटे. तेवढंच वाटे, बाकी सगळं बधिर.

दहावा झाल्यावर तिच्या आईनं, दगडाबाईनं, झाकण काढलं. घाण वास सुटला. तिनं मूठभर साल उचलली, तर ती शिजलेल्या भाजीसारखी बोटांतून गळाली.

"चवथ्या दिशी काढायची व्हती न्हवं? तुला ठाऊक व्हतं. कावून बोलली न्हाईस गं?"

"काढली असती तर आबाचं काम संपलं असतं, आये."

दगडाबाई पिंपात वाकली.

"त्येनी ह्यात हात घातलते का?"

"सगळी साल आबानीच दाबली."

दगडाबाईनं पदर खोचला, दोन्ही हात त्या लगद्यात खोल घातले आणि तळाशी किती तरी वेळ चाचपडत राहिली. हात रिकामेच निघाले. ते धुवायला संगीतानं पाणी ओतलं, आणि ओतता ओतता तिला मोठ्यानं रडू फुटलं.